खासा खोलीतला हिवाळा

ग्वाल्हेरला थंडी अंगाला लागायच्या आधी कानाला लागते. पहाटे गजकवाल्यांच्या दुकानांमागे तीळगुळाच्या लगद्यावर लाकडी मोगऱ्या पडू लागल्या की समजावं, आता रजया उन्हात घालायच्या. दर्पण कॉलनीतल्या माझ्या गच्चीवरून तो आवाज येत नाही, पण येतो असं मला दर वर्षी वाटतं. आणि तो आला की मला एकच हिवाळा आठवतो. ऐंशी ओलांडलेल्या बाईजवळ आठवायला हिवाळे काही कमी नसतात. शाळेत शिकवायला लागले तो आहे, लेक झाली तो आहे, हे गेले तो आहे. पण मोगरी पडते ती त्या एकावरच.

या वर्षी मात्र तो मला भर समुद्रात आठवला. तिथे थंडी नव्हती, तीळ नव्हते, पायाखाली जमीनसुद्धा नव्हती.

झालं असं की माझ्या लेकीचा मुलगा चिन्मय नोएडाला नोकरी करतो, त्याने दिवाळीआधी आम्हा दोघींना, म्हणजे त्याच्या आईला आणि मला, मुंबईहून निघणाऱ्या बोटीवर नेलं. क्रूझ. मी होडीत बसले होते ती चंबळेत. ही तर तरंगती कॉलनी! तीत बाजार, पोहायचा तलाव, नाटकघर, आणि एवढा मोठा जेवणाचा हॉल की त्यात आमची अख्खी शाळा मधल्या सुट्टीत मावली असती. सकाळ, दुपार, संध्याकाळ, हवं ते घ्या, हवं तितकं घ्या. सगळं तिकिटात धरलेलं. मी पहिल्या दिवशी चिन्मयला तीनदा विचारलं, "नक्की ना रे? उठताना कोणी बिल नाही ना आणणार?" तो हसला. "नहीं आजी, सब इन्क्लूडेड है. तू बस खा."

तिसऱ्या संध्याकाळी तो आम्हाला त्या हॉलवरून पुढे घेऊन गेला. एका गडद लाकडी दारापाशी थांबला. आत मंद दिवे, पांढरे टेबलपोस, मोजकी माणसं. दाराशी एक मुलगी उभी होती, तिने नाव विचारलं आणि वाकून आत यायला सांगितलं. मी विचारलं, "हे काय आहे?"

"स्पेशालिटी रेस्टॉरंट. याचे वेगळे पैसे असतात. मैंने बुक किया है, तेरे लिए."

"वेगळे पैसे? जेवणाचे पैसे भरलेत ना आपण?"

"वो तो बुफे है आजी. ये अलग है. एक बार एक्सपीरियन्स तो कर."

आकडा त्याने सांगितला नाही. पण शेजारच्या टेबलावरचं कार्ड मला वाचता येत होतं, आणि वाचून माझा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट आवळला गेला. एका माणसाच्या एका जेवणाचे तेवढे? आणि तेही आधीच भरलेल्या जेवणावर? लेक म्हणाली, "आई, आता बैस. मुलाचं मन मोडू नकोस." बसले.

ताटल्या आल्या. परातीएवढी ताटली आणि मधोमध घासभर काहीतरी. वाढणारी मुलगी मणिपूरची होती, गोड बोलायची, प्रत्येक पदार्थाची गोष्ट सांगायची. मी तिला विचारलं, "बेटा, यहाँ का खाना अलग बनता है क्या? बाहरवाले हॉल से?" ती इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "माँजी, किचन तो नीचे बहुत बड़ा है. कुछ चीज़ें वहीं से आती हैं. सूप, ब्रेड. बाकी यहाँ फ़िनिश होता है."

हे ऐकून मी रागवायला हवं होतं. पण मला धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. मला ते आवडत होतं. भांड्यांचा खणखणाट नव्हता, रांग नव्हती, प्लेटा घेऊन धावणारी पोरं नव्हती. माझा नातू, जो घरी असतो तेव्हा फोनमध्ये असतो, तो समोर बसून माझ्याकडे बघत होता. मी खुर्चीत सैल झाले होते. दार मागे लोटलं गेलं तेव्हा बाहेरच्या हॉलचा गलका एकदम तुटला, आणि मला जे वाटलं ते सुखच होतं, त्याला दुसरा शब्द नाही. मनात आलं, बाहेरच्यांना इथे येता येत नाही, हेही यात धरलेलं आहे की काय? त्या विचाराबरोबर अंगावर काटा आला. कारण अशी एक खोली मी पाहिली होती. ती आमच्याच घरात होती.

"क्या हुआ आजी? ठंड लग रही है?" चिन्मयने विचारलं.

मी म्हटलं, "नाही रे. तुला एक सांगते."

मी तेरा वर्षांची होते. आमचे आबा, माझे वडील, संस्थानच्या रिसाल्यात दफेदार होते. आजोबाही रिसाल्यातच, पणजोबाही. दख्खनेतून घोड्यावर बसून आलेली आमची माणसं, आणि इथे पिढ्यान् पिढ्या घोड्यांवरच राहिलेली. संस्थान विलीन झालं, फौज मोडली, कोणी हिंदुस्थानच्या लष्करात गेले, कोणी पेन्शनीवर आले. आबा दुसऱ्यांत. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या घरामागे घोड्यांची लांब पागा होती. घोडे गेले आणि ती रिकामी पागा आबांना बघवेना. मग आईनेच ती झाडली, शेणाने सारवली, भिंतींना चुना दिला आणि तिथे खानावळ काढली.

खानावळीला माणसं आणली ती राजधानीने. मध्य भारत नावाचं राज्य तेव्हा होतं, आज कोणाच्या लक्षातही नाही. त्याच्या दोन राजधान्या, उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. थंडी पडू लागली की इंदूरहून सगळं सरकार गाडीत बसून आमच्याकडे यायचं. पेट्या, दप्तरं, टाइपरायटर, शिपाई, साहेब आणि कारकून. बायकामुलं मागे ठेवून आलेले मराठी कारकून चार महिने जेवणार कुठे? ते आमच्या पागेत जेवत. जिथे घोडे एका ओळीत उभे राहत तिथे माणसं एका ओळीत बसत. भाकरी, पालेभाजी, वरण, लसणाची चटणी. आबा म्हणायचे, "दाणावैरण तेवढी बदलली." पण म्हणत आणि स्वतः पाण्याचे तांबे भरत. ओळीत मात्र कधी बसत नसत.

मी आणि आई वाढायचो. धुराचा, ओल्या शेणाचा, गरम भाकरीचा वास, आणि त्यात लोकरीच्या कोटांना येणारा डांबरगोळ्यांचा वास. आज कपाट उघडताना तो आला की मला भूक लागते.

तो शेवटचा हिवाळा आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. राज्यं मोडून नवी होणार एवढी बातमी होती. ओळीत रोज वाद व्हायचे. कोणी म्हणे राजधानी जबलपूरला जाईल, कोणी म्हणे इंदूरला कायमची. आबा तांब्या घेऊन उभे राहत आणि म्हणत, "राजधानी म्हणजे काय बिऱ्हाड आहे, उचललं की गेलं?" लोक हसत. आईही हसे.

त्या ओळीत यशवंत वानखेडे नावाचा एक नवा कारकून होता. महूचा. विशी-बाविशीचा, उंच, मान खाली घालून जेवणारा, ताटात शितही न ठेवणारा. आईला त्याचं कौतुक. "आईने चांगलं वळण लावलंय पोराला," असं म्हणत ती त्याला न मागता भाकरी वाढायची.

मकरसंक्रांत झाली आणि एका सकाळी सुपेकरसाहेब आईशी बोलायला आत आले. ते कचेरीत हेडक्लार्क, ओळीतले सगळ्यात वडील. "काकी, बाहेर वारा फार येतो. गलकाही होऊन राहिला आहे. आम्हा चौघांची आतल्या खोलीत सोय करा. वर हवं तर जास्त घ्या, कुरकुर नाही."

आई हरखून गेली. आतली खोली म्हणजे आबांचं खोगीर ठेवायची जागा. आईने खोगीर माळ्यावर चढवलं, दाराला तिच्या लुगड्याचा पडदा केला, पाट मांडले, मधे समई ठेवली. जास्त पैसे घ्यायचे तर काही जास्त द्यायला नको का? म्हणून आत तूप सढळ आणि रविवारी दुपारी गोड. ओळीतल्यांनी त्या खोलीला नाव दिलं, खासा खोली. संस्थानी माणसांना हा शब्द समजावा लागत नसे. सरकारांचं खास जेवण, सरकारांची खास स्वारी, तो खासा. आबा म्हणाले, "सरकार गेले, आता कारकुनांचा खासा!" आणि मिशीत हसले.

चिन्मय इथपर्यंत ऐकून म्हणाला, "तो सिंपल है ना आजी. उन्हें क्वाएट कॉर्नर चाहिए था. जैसे ये."

"हो," मी म्हटलं. "आम्हालाही तसंच वाटलं होतं."

माघातला एक रविवार. ऊन पडलं होतं पण त्यात जोर नव्हता. आईने सकाळपासून दूध आटवून बासुंदी केली होती, वास पार रस्त्यापर्यंत गेला होता. यशवंत लवकर आला, नवा सदरा घालून. माझ्याशी कधी न बोलणारा तो मला म्हणाला, "ताई, आज मी आत बसू का? जास्तीचं काय असेल ते देतो."

मी आईला विचारलं. आई म्हणाली, "बस की रे बाबा. त्यात काय विचारायचं!" आणि तिने पाचवा पाट मांडला.

तो हातपाय धुऊन आत बसला. मी ताट वाढलं, वाटी भरून बासुंदी ठेवली. इतक्यात चौघे आले. सुपेकरसाहेबांनी पडदा बाजूला केला आणि ते उंबऱ्यावरच थांबले. मागचे तिघे त्यांच्या पाठीवर आदळले. यशवंत उठायला लागला, वडील माणसं आली म्हणून, आदराने.

"काकी, जरा इकडे या," साहेब म्हणाले.

आई पदराला हात पुशीत आली. "बसा ना. ताटं तयारच आहेत."

"याला इथे कोणी बसवलं?"

"मीच. जास्तीचं देतो म्हणाला तो."

"प्रश्न पैशांचा नाही." त्यांनी आवाज उतरवला, पण ती खोली केवढीशी! "तो महूचा आहे. कोणाचा आहे, तुम्हाला खरंच कळलं नाही? आडनावावर जाऊ नका, जात बघा."

आई बघत राहिली. मग तिला समजलं. तिच्या तोंडावरचा रंग उतरताना मी पाहिला. ती म्हणाली, "मग इतके दिवस बाहेर तुम्ही..."

"म्हणून तर आत बसायला लागलो, काकी. तुमचं नुकसान नको, बोभाटा नको, म्हणून वर पैसे दिले. आणि तुम्ही त्यालाच आत आणलंत."

मी पळी हातात धरून उभी होते. मला आजही आठवतं, पळीतून बासुंदीचा थेंब माझ्या पावलावर पडला, गरम होता, आणि मी पाय हलवला नाही. वारा नव्हता. गलका नव्हता. आईने सारवलेली जमीन, समई, सढळ तूप, यातल्या कशाचेही ते पैसे नव्हते. ते पैसे होते एका माणसाला न बघण्याचे. आणि आई ते घेत होती, त्या न बघण्यासाठी खोली सजवत होती, त्या माणसाला प्रेमाने भाकरी वाढता वाढता.

यशवंत अर्धा उठलेला तसाच थांबला होता. ना उभा, ना बसलेला.

आई फार शूर बाई होती असं मी म्हणणार नाही. चौघांच्या पैशावर आमच्या घराचं किती अवलंबून होतं ते तिला माहीत होतं, आणि ती ज्या घरात वाढली तिथली शिकवण सुपेकरांहून वेगळी नव्हती. तिने वाढलेल्या ताटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "साहेब, ताट वाढलेलं आहे. जेवत्या माणसाला मी उठवणार नाही. तुम्हाला बसायचं तर बसा."

पडद्यामागे आबा आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आत आले, यशवंतच्या शेजारच्या पाटावर बसले, त्या खानावळीत पहिल्यांदाच, आणि मला म्हणाले, "वाढ गं."

तिघे परत गेले. चौथे, देवरे नावाचे लठ्ठ गृहस्थ, दारात घुटमळले, बासुंदीकडे बघितलं, गेलेल्यांच्या पाठीकडे बघितलं आणि कपाळाचा घाम पुसत येऊन बसले. माघाच्या थंडीत घाम! फक्त भुरके ऐकू येत होते.

दुपारी मोरीवर आई भांडी घासत होती. यशवंतचं ताट हातात आलं तेव्हा ती थांबली. ते ताट तिने हातात धरून ठेवलं. मग तिने राख घेतली, ते घासलं, विसळलं आणि बाकीच्या ताटांत ठेवलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बघत काय उभी आहेस? पाणी आण."

दुसऱ्या दिवशी पडदा निघाला आणि खोगीर माळ्यावरून खाली आलं. गेलेल्यांपैकी दोघे आठवड्याभरात परत येऊन मुकाट्याने ओळीत बसले. बाहेर कुठे पोटभर मिळत नव्हतं म्हणून आले, की आणखी कशाने, कोण जाणे. सुपेकरसाहेब मात्र आले नाहीत.

"और ये रूम?" चिन्मयने चमचा खाली ठेवत विचारलं. त्याचा चेहरा उतरला होता. "आजी, म्हणजे तुला इथे आणलं ते चुकलं का?"

मी त्याच्या हातावर हात ठेवला. हे जेवण त्या किमतीचं होतं का, याचं उत्तर मी त्याला खरं खरं दिलं. चवीचं म्हणशील, तर नाही. बाहेरच्या हॉलातली डाळ जास्त चांगली होती. पण तू दोन तास फोन न बघता माझं ऐकलंस, त्याची किंमत मला करता येत नाही, आणि त्यासाठी कोणी दार लावून घेतलं तर मी त्याला वाईट म्हणणार नाही. फक्त दार लावताना आपण काय बाहेर ठेवतोय ते एकदा बघावं. आम्ही बघितलं नव्हतं. बघायला गेलो तेव्हा तो माणूस आत बसून जेवत होता.

लेक इतका वेळ ऐकत होती. माझ्या पोटची, साठीची बाई, आणि तिलाही मी हे कधी सांगितलं नव्हतं. तिने विचारलं, "आई, वानखेड्यांचं पुढे काय झालं?"

पुढे हिवाळा सरला. चैत्राचं ऊन तापायला लागलं आणि सरकार इंदूरला निघालं. अंगणात टांगा उभा होता, यशवंतची ट्रंक त्यावर चढवली होती. तो आईच्या पाया पडायला आला. त्या रविवारनंतर आई त्याची गोष्ट आळीभर सांगत असे, अभिमानाने. एवढंसं पोर, पण चौघांच्या पंगतीत जाऊन बसलं, असं. ती त्याला म्हणाली, "यशवंता, त्या दिवशी तू मोठी हिंमत केलीस हो."

त्याला कळलंच नाही. "हिंमत कसली, काकी?"

"आत जाऊन बसलास ती."

तो टांग्याच्या घोड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी बासुंदी खायला गेलो होतो, काकी. पगार वाढला होता. मला वाटलं, पैसे दिले की कोणीही बसतं. ती खोली कशासाठी होती ते मला कुठे माहीत होतं? साहेब दारात उभे राहिले, त्यांचं तोंड बघितलं, तेव्हा कळलं."

आईच्या हातात त्याला द्यायचा लाडवांचा डबा होता. तो तिने पोटाशी धरला. इतके दिवस तिला वाटत होतं, तो सगळं जाणून आत आला होता. तसं नव्हतं. त्याला ते आमच्या घरात, आमच्या पाटावर बसून कळलं होतं.

"बासुंदी तरी खाल्लीस ना पोटभर?" तिने विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"खाल्ली असेन. उठताना वाटी रिकामी होती." तो ओशाळं हसला. "चव नाही आठवत."

आईने डबा त्याच्या हातात दिला. "येत्या हिवाळ्यात ये. पहिल्याच दिवशी करते. बाहेर, सगळ्यांच्या ओळीत."

"येतो, काकी."

उन्हाळा गेला, पाऊस गेला. आईने पागेला नवा चुना दिला. दिवाळीच्या आधी दूधवाल्याला बजावून ठेवलं, "सरकार आलं की जास्त दूध लागेल, विसरू नकोस भैया." त्याच दिवाळीत मध्य भारत संपला. नवं राज्य झालं आणि त्याची राजधानी भोपाळला गेली, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यातही. आबा सचिवालयाकडे फेरी मारून आले. खोल्यांना कुलपं होती, आवारात शिपाई ऊन खात बसले होते. आबा ओसरीवर टेकले. "उचललं आणि गेलं," एवढंच म्हणाले. आई म्हणाली, "सगळेच?" आबांनी मान हलवली.

दूधवाल्याने मात्र सांगितलेलं लक्षात ठेवलं होतं. दुसऱ्या सकाळी तो दोन हंडे घेऊन दारात आला. सवयीने आई मोठं भगोनं घेऊन बाहेर गेली, ज्यात सगळ्या ओळीचं दूध आटत असे ते.

"बाई, कितना नापूँ?" त्याने विचारलं.

आई भगोनं धरून उभी राहिली. थंडीने त्याच्या हंड्यांतून वाफ निघत होती. मग ती वळली, आत गेली, आणि चहापुरतं लहान पातेलं घेऊन आली.